घरी कळल्याशिवाय नाव नाही

आमच्या वेळच्या दुबईत इब्राहिम सिद्दींचा आवाज ओळखत नाही असं हिंदुस्थानी घर सापडलं नसतं आणि त्यांचा चेहरा ओळखतं असंही सापडलं नसतं. मी तर त्या आवाजावरून अख्खा माणूस मनात उभा केला होता. उंच, गोरा, कानांपाशी थोडे पांढरे केस, बहुतेक लखनौचा. करामामधल्या आमच्या एका खोलीत कुकर लावताना मी त्या माणसाशी मनातल्या मनात गप्पा मारायचे. माझा नवरा दुबईच्याच डेरा भागात एका कॉन्ट्रॅक्टरकडे अकाउंटंट होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. आता वर गेलाय, तेव्हा कळलं असेल.

त्या रेडिओ स्टेशनला टॉक शोसाठी लोकांचे फोन घेणारी बाई हवी आहे असं कळल्यावर मी अर्ज केला आणि मला घेतलंही. पहिल्या दिवशी मोतिया रंगाची सिल्कची साडी, हातभर मॅचिंग बांगड्या आणि मीना बाजारातून आणलेला गजरा, असा थाट करून मी अल क्वोजला पोचले. स्टुडिओ एका टायरच्या गोदामावर होता. जिना चढेपर्यंत गजऱ्याचा वास संपला आणि रबराचा सुरू झाला. वर लखनौवाले कुठे दिसेनात. कोपऱ्यात एक रुंद खांद्यांचा, काळाभोर, दाट कुरळ्या केसांचा माणूस टेबलफॅन उघडून बसला होता. मी माझं ठेवणीतलं इंग्रजी काढलं. "एक्स्क्यूज मी, व्हेअर इज मिस्टर सिद्दी?"

त्याने माझ्याकडे नाही, माझ्या पदराकडे पाहिलं. आणि त्याच आवाजात, ज्याच्याशी मी रोज कुकरच्या शिट्ट्यांमधून बोलत होते त्या आवाजात, म्हणाला, "पदर आवर गो बाय. पंख्यात गेला तर तू पण जाशील."

चक्क मराठीत! मी इतकी गडबडले की म्हटलं, "आय ॲम मराठी."

"मी कुठे गुजराती म्हटलं?"

हे आमचं पहिलं संभाषण. इब्राहिमभाई मुरुडचे. त्यांचे पूर्वज कधी काळी आफ्रिकेतून जंजिऱ्याच्या किनाऱ्याला लागले होते. "आमचे लोक समुद्र ओलांडून आले तेव्हा तुझ्या लोकांना दुबई कुठे आहे ते ठाऊक नव्हतं," असं ते मला अधूनमधून ऐकवायचे. त्या दिवशी मात्र एवढंच म्हणाले, "मला विचारलंस ते बरं केलंस. दुसऱ्या कुणी माझ्याकडे बोट दाखवलं असतं तर तुझा विश्वास बसला नसता."

त्यांना याची सवय होती. एकदा शारजाहून एक चाहता हापूसची पेटी घेऊन रिसेप्शनला आला. इब्राहिमभाई नेमके दारातून बाहेर पडत होते. त्या गृहस्थांनी पेटी त्यांच्या हातात ठेवली आणि हिंदीत बजावलं, "सिद्दी साहब को देना. गाडी में मत भूल जाना." इब्राहिमभाई "जी" म्हणाले आणि पेटी घेऊन आत आले. संध्याकाळी शो सुरू करताना माईकवर म्हणाले, "शारजाच्या अमुक साहेबांचे आंबे मिळाले. ड्रायव्हरने ते प्रामाणिकपणे पोचवले, त्याला दोन आंबे दिले आहेत." ते दोन आंबे मला मिळाले.

रेडिओत ते शिकून आले नव्हते. बंदरावर मजुरी करायचे आणि कोणती लाँच कुठे लागली ते लाउडस्पीकरवरून ओरडून सांगायचे. तिथे रेडिओच्या एका माणसाने त्यांना ऐकलं. आधी बातम्या वाचायला घेतलं, मग बातम्या लिहायला, मग रोज संध्याकाळचा टॉक शो. मजूर, ड्रायव्हर, घरकाम करणाऱ्या बाया त्यात फोन करून आपलं गाऱ्हाणं सांगत. फोन आधी माझ्याकडे यायचा. मी नाव, गाव आणि तक्रार विचारून लाइन आत द्यायची. मला वाटायचं, अख्खा शो माझ्यावर चाललाय. एकदा तर मी करामाच्या किराणावाल्याला सांगितलंसुद्धा, "मीच ठरवते कोण बोलणार." त्याने मला कोथिंबीर फुकट दिली.

इब्राहिमभाईंची कामाची पद्धत त्यांचीच होती. पहाटे ते भाजीच्या होलसेल बाजारात जायचे, पुढे बाजार रास अल खोरला गेला तेव्हा तिथेही. ट्रकवाले कुठल्या रस्त्याने आले, कुठे अडकले, मजुरांच्या कुठल्या कॅम्पमध्ये पाणी नाही, हे सगळं कांद्याच्या पोत्यावर बसून गोळा करायचे. मग ऑफिसात येऊन बुलेटिन लिहायचे आणि पहिल्यांदा मला वाचून दाखवायचे. "तू पब्लिक," म्हणायचे. माझी पापणी जरा जरी लवली तरी वाक्य खोडायचे. मी सुरुवातीला इंप्रेशन मारायला सगळं समजल्यासारखी मान हलवायची. त्यांनी दोन दिवसांत ओळखलं. "मान नको हलवू. ते ज्ञानी लोकांचं काम आहे. तू नुसती ऐक."

बातम्या ते बसून वाचायचे, पण कुणाच्या मृत्यूची बातमी असली की खुर्ची मागे सरकवून उभे राहायचे. रेडिओ! कोण बघतंय? मी विचारलं तर म्हणाले, "बसून वाचलं तर आवाज बसतो." मला काही ते पटलं नाही. आणि मोठी बातमी असली की आधी असा काही श्वास ओढायचे की तो माईकवर ऐकू यायचा. आम्ही त्याला 'पंप' म्हणायचो. इंजिनिअरने तो काढून टाकायचा खूप प्रयत्न केला, पण निघाला नाही.

पण त्यांची खरी ओळख होती त्यांचा नियम. कुणी मेलं, साइटवर अपघात झाला, तर घरी कळल्याशिवाय ते रेडिओवर नाव घ्यायचे नाहीत. कंपनीने सांगितलं, पोलिसांनी सांगितलं, तरी नाही. ते स्वतः गावाला फोन लावायचे. तेव्हा गावात फोन असायचा एखादाच, रेशन दुकानात नाही तर पोस्टात. एकदा अल क्वोजमध्येच क्रेन पडून एक दाभोळचा मुलगा गेला. दुसऱ्या स्टेशनने दुपारीच त्याचं नाव सांगितलं. आमचे मॅनेजर इब्राहिमभाईंच्या टेबलापाशी येऊन थयथयाट करायला लागले. इब्राहिमभाई रिसीव्हर कानाला लावून बसले होते. मुलाचा बाप बोटीवर गेला होता, संध्याकाळी परतणार होता.

"सिद्दी साहब, कल तक ये ख़बर बासी हो जाएगी!"

"बासी चलेगी. कच्ची नहीं चलेगी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उभं राहून नाव वाचलं. हा नियम कोकण किनाऱ्यावरच्या गावागावांत माहीत झाला. पुढे घरोघरी फोन आले, मोबाइल आले, तरी लोक म्हणायचे, इब्राहिमभाई नाव बोलले म्हणजे घरी कळलंय. मग नातेवाईक बिनधास्त फोन करून सांत्वन करायचे. इतका भरवसा. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

शोमध्ये ते कुणावर आवाज चढवत नसत. एकदा शारजाहून एक गृहस्थ आले लाइनवर. "भाईसाहब, हमारी बिल्डिंग में हब्शी लोग आ गए हैं. माहौल ख़राब हो गया है." मी काचेच्या अलीकडे हेडफोन लावून बसले होते. माझे कान तापले. मी लाइन तोडायला हात पुढे केला, इब्राहिमभाईंनी काचेतूनच बोट हलवून नको म्हटलं.

"कौन सी मंज़िल पे?"

"तीसरी."

"नाम क्या है उनका?"

"नाम? नाम तो नहीं पूछा."

"तो पूछ के आइए. अगले हफ़्ते बताइए. बिना नाम की शिकायत मैं लेता नहीं."

पुढच्या आठवड्यात तो माणूस खरंच पुन्हा लाइनवर आला. नाव विचारलं होतं. त्या माणसाने याला घरात बोलावून चहा पाजला होता. "लेकिन भाईसाहब, गाने बहुत ऊँचे बजाते हैं."

"हाँ, ये शिकायत हुई. ये मैं ले लेता हूँ."

लाइन बंद झाल्यावर मी म्हटलं, "सांगायचं ना त्याला, तो कुणाशी बोलतोय ते." ते पेन्सिल कानावर खोचत म्हणाले, "सांगितलं असतं तर लाजून गप्प बसला असता. मग चहा कोण प्यायला असता?"

स्टेशन मोठं झालं, गोदामावरून उठून काचेच्या टॉवरमध्ये गेलं. हायवेवर होर्डिंग लागलं. सकाळी गाणी लावणारी जोडी त्यावर हसत होती, स्वयंपाकाच्या कार्यक्रमाची बाई होती, अगदी ट्रॅफिक सांगणारा पोरगाही होता. इब्राहिमभाई नव्हते. मी चिडून विचारलं तर म्हणाले, "माझा फोटो बघून लोक ब्रेक मारतील. मागची गाडी ठोकेल."

"असं मॅनेजर म्हणाले?"

"नाही गो. तो 'टार्गेट ऑडियन्स' म्हणाला. मी भाषांतर केलं."

मी रिटायर झाले, मग काही वर्षांनी ते. त्यांच्या निरोपाला मला बोलावलं होतं. केक आणला होता आणि त्यावर त्यांचा फोटो छापला होता. कंपनीने त्यांचा फोटो पहिल्यांदा छापला तो केकवर, आणि मग सगळ्यांनी मिळून खाल्ला. माझ्या वाट्याला कान आला. ते शारजाला मुलीकडे राहायला गेले. जाण्याआधी काही आठवडे त्यांना दुपारी स्टुडिओत बसवून काहीबाही वाचून घेत होते. आर्काइव्हसाठी, असं ते मला म्हणाले होते. "आकडे, गावांची नावं, कुठली कुठली वाक्यं. शाळेत पाढे म्हटल्यासारखं वाटतं."

पुढे कित्येक महिने काहीच नाही. मग एका सकाळी मी चहा गाळत असताना रेडिओवर आठच्या बातम्या लागल्या आणि इब्राहिमभाईंचा आवाज! मी गाळणं तसंच धरून उभी राहिले. त्यांना परत बोलावलं, या आनंदात मी नातीला हाक मारली. रियाने टोस्ट चावत थोडा वेळ ऐकलं.

"आजी, दॅट्स एआय. ऑब्व्हियसली."

"म्हणजे?"

"इट्स नॉट हिम. कॉम्प्युटर आहे. त्यांच्या व्हॉइसवरून बनवलाय."

मी तिला झापलं. मी त्या माणसाशेजारी अर्धं आयुष्य बसले, मला कळत नाही होय? मग मी पुन्हा ऐकलं. सगळं बरोबर होतं. तोच खर्ज, तोच ठेहराव. फक्त पंप नव्हता. हा माणूस श्वासच घेत नव्हता.

मी इब्राहिमभाईंना फोन केला. "चालू आहे काहीतरी," एवढंच म्हणाले आणि मुलीच्या तब्येतीवर गेले. मला तेव्हाच वास यायला हवा होता.

आता नफीसा. ती आमच्या मजल्यावर राहते. श्रीवर्धनची आहे, घरातून टिफिन चालवते, मुलगा कॉम्प्युटर शिकतो, मला मावशी म्हणते. तिच्या मोठ्या बहिणीचा, झुबेदाचा, एकुलता एक मुलगा अल्ताफ अल क्वोजच्या एका वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा. दर शुक्रवारी तो नफीसाकडे जेवायला यायचा. मला लिफ्टमध्ये भेटला की विचारायचा, "आजी, पिशवी घेऊ?" आणि मी नाही म्हणायच्या आत घ्यायचा.

त्या सकाळी मी तिच्याकडे मेथी निवडत बसले होते. ती डाळ घोटत होती. आठ वाजले. इब्राहिमभाईंच्या आवाजाने सांगितलं की अल क्वोजमध्ये रॅक कोसळून एक कामगार ठार झाला, आणि मग अल्ताफचं पूर्ण नाव घेतलं, वय सांगितलं, राहणार श्रीवर्धन, जिल्हा रायगड. पुढचं वाक्य हवामानाचं होतं.

नफीसा खाली बसली. मी तिला धरलं. तिने रडता रडता पहिली गोष्ट केली ती म्हणजे बहिणीला फोन. तिला थांबवायचं माझ्या मनातही आलं नाही. आवाज इब्राहिमभाईंचा होता. कॉम्प्युटर आहे हे कळूनही त्या क्षणी मी तोच जुना हिशेब केला, की नाव आलं, म्हणजे घरी कळलंय. नफीसाला तर कॉम्प्युटरचं माहीतही नव्हतं.

"आपा," ती म्हणाली, "आपा, सबर कर. मी येते. संध्याकाळचं विमान बघते."

पलीकडून झुबेदा म्हणाली, "काय झालं गो? कशाला येतेस?"

घरी कळलेलं नव्हतं. कंपनीचा फोन तासाभराने गेला. आईला मुलगा गेल्याचं सांगितलं ते नफीसाने, डाळीच्या पातेल्यापाशी बसून, असं.

मय्यत गावी नेली, दफन झालं. झुबेदाने नफीसाशी बोलणं टाकलं. तिचं म्हणणं सरळ होतं. इब्राहिमभाई घरी कळवल्याशिवाय नाव घेत नाहीत, हे सगळ्या किनाऱ्याला माहीत आहे. त्यांनी मला कळवलं नाही. म्हणजे त्यांनी तुला कळवलं होतं. तू आदल्या दिवसापासून माहीत असून गप्प बसलीस, आणि टिफिन उरकून मग मला फोन केलास. नफीसाने शपथा घेतल्या, कॉम्प्युटरचं सांगितलं. झुबेदा म्हणाली, "त्या भल्या माणसावर घालतेस?"

हे एकाच माणसाच्या शब्दाने सुटणार होतं. मी नफीसाला घेतलं आणि टॅक्सीने शारजा गाठलं. ऐंशी दिरहॅम झाले. म्हणजे जवळजवळ दोन हजार रुपये, हे मी इब्राहिमभाईंना दारातच सुनावलं. त्यांनी सगळं खाली मान घालून ऐकलं.

"मी हो म्हटलं होतं," ते म्हणाले. "माझा आवाज वापरू देतो म्हटलं होतं. पण ते म्हणाले होते, प्रत्येक बातमी आधी तुमच्याकडे येईल, तुम्ही पास कराल. सुरुवातीला पाठवत होते. मग बंद झालं."

"आणि तुम्ही गप्प?"

"विचारलं मी. म्हणाले, सिस्टिम फास्ट झालीय."

नफीसा म्हणाली, "चाचा, मला बाकी काही नको. फक्त सांगा, ते तुम्ही वाचलं नव्हतं. आपा रेडिओ ॲपवर ऐकते. तुमचं ती मानेल."

"सांगतो बेटा. शुक्रवारच्या शोला मला पाहुणा म्हणून बोलावलंय. तिथेच सांगतो." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी पाहिलं ते.

दरम्यान मी गप्प बसले नव्हते. बिल्डिंगच्या ग्रुपवर, ऊद मेथा भागातल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर, सगळीकडे माझे व्हॉइस मेसेज गेले होते. "ऐका हो, तो माणूस नाही, मशीन आहे, श्वास बघा!" लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. मला वाटलं, शुक्रवारी बघा म्हणावं. या वयातही मी हौसेने इस्त्रीची साडी नेसून नफीसाच्या किचनमध्ये बसले. रेडिओ ऐकायला! मोतिया नव्हती, एवढीच काय ती अक्कल आली होती.

इब्राहिमभाई बोलणार म्हटल्यावर झुबेदा माझ्या फोनवर यायला तयार झाली होती. ती काही बोलत नव्हती, पण होती. शोचा नवा होस्ट, एक तरुण मुलगा, हसत म्हणाला, "सिद्दी साहब, लोग कहते हैं सुबह की ख़बरें आप नहीं, मशीन पढ़ती है."

आणि इब्राहिमभाई हसले. ते त्यांचंच हसू होतं, खरं, श्वासासकट.

"मशीन? नहीं भाई, मैं ही हूँ. बूढ़ा हो गया हूँ, साँस ज़रा कम लेता हूँ."

"और वो अल क्वोज वाले हादसे का नाम? कहते हैं घर पर पता नहीं था."

पंप ऐकू आला. मला वाटलं, आता.

"घर पे बता के ही नाम लिया था. हमेशा की तरह."

फोनमधून झुबेदा म्हणाली, "ऐकलंस ना?" आणि तिने फोन ठेवला.

नफीसाने गॅस बंद केला. रडली नाही. मला म्हणाली, "मावशी, तुम्ही घरी जा आता."

त्यानंतर ग्रुपवर माझी शोभा झाली ती वेगळीच. कुणी हसणारे चेहरे टाकले, कुणी कानाच्या डॉक्टरचं नाव सुचवलं. मुलाने मला खरंच नेलं. कान उत्तम निघाले. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मी इब्राहिमभाईंना फोन केला. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी त्या भाषेत बोलले नव्हते. ते शांतपणे म्हणाले, "आवाज माझाच आहे ना, बाय? खोटं काय बोललो?"

"नाव घरी कळवून घेतलं, हे?"

ते म्हणाले, "केक खाऊन झाल्यावर कुणाचा फोन आला नाही मला. फार्मसीत उभा राहिलो तर पोरगा मला वगळून पुढच्याला विचारायचा. आता तोंड उघडलं की लोक वळून बघतात. सकाळीच ऐकलं म्हणतात, खुर्ची देतात. ते मशीन आहे असं मी म्हटलं, की उद्यापासून मी कोण?"

"आणि नफीसा कोण?"

"बहिणी आहेत त्या. मिटेल त्यांचं."

एवढ्या वर्षांत त्या माणसाने एक बातमी कधी विचारल्याशिवाय दिली नव्हती. आणि "मिटेल" हे असं, कुणाला न विचारता. मी फोन ठेवला. त्यांच्या निरोपाच्या दिवशी मी भाषण केलं होतं, की या माणसाच्या शब्दावर मी डोळे मिटून रस्ता ओलांडेन. वा कुंदाबाई, वा. टाळ्या पण मिळाल्या होत्या.

काही मिटलं नाही. अल्ताफच्या चाळीसाव्या दिवसासाठी नफीसाने तिकीट काढलं होतं. झुबेदाने एका नातेवाइकाकरवी निरोप पाठवला, येऊ नकोस, आलीस तर दार उघडणार नाही. हे मी इब्राहिमभाईंना मेसेज करून कळवलं. शिव्या घातल्या नाहीत, फक्त कळवलं. दोन निळ्या खुणा आल्या.

आणि एका दुपारी, मी नफीसाकडे डबे पुसायला बसले होते, तेव्हा बेल वाजली. दारात इब्राहिमभाई. धाप लागली होती. रिकामे हात, इस्त्री नसलेला शर्ट. आत येऊन किचनच्या दारात उभे राहिले. नफीसाने बसा म्हटलं नाही, मीही नाही.

"झुबेदाला फोन लाव," ते म्हणाले. "मी बोलतो तिच्याशी."

नफीसाने माझ्याकडे पाहिलं. मग हात पुसून तिने शेजारणीचा फोन मागून आणला, कारण तिचा आणि माझा नंबर बहीण उचलत नव्हती. फोन लागला. तिने तो स्पीकरवर ठेवून त्यांच्यापुढे धरला.

"झुबेदाबेन, मी इब्राहिम सिद्दी बोलतोय. मुरुडचा. रेडिओवाला."

नफीसाने फोन आणखी जवळ धरला.

"तुझ्या मुलाचं नाव मी वाचलं नव्हतं. मशीनने वाचलं. मला कुणी विचारलं नाही, आणि तुला कुणी कळवलं नाही. नफीसाला काही माहीत नव्हतं. रेडिओवर मी खोटं बोललो. तुझी बहीण खरी आहे."

सगळं बोलले. एक शब्द लपवला नाही. मला वाटलं, सुटलं.

झुबेदाचा आवाज अगदी साधा आला. "तुम्ही खरे सिद्दी की मशीन?"

"मी... मी स्वतः आहे. इथे उभा आहे."

"रेडिओवर पण असंच म्हणालात. मी ऐकलं. मीच आहे म्हणालात. आमच्या नफीसाचं पोरगं कॉम्प्युटर शिकतंय. ते असे आवाज करू शकतं म्हणे. तिला सांगा, माझ्याशी असले खेळ नको करू. माझा मुलगा गेलाय."

फोन बंद झाला.

इब्राहिमभाई तोंड उघडून उभे होते. त्यांनी पुन्हा काही म्हणायला श्वास ओढला, मोठा, जसा ते ओढायचे. मग तो तसाच सोडून दिला. नफीसाने पातेलं उचललं. "बाजूला व्हा चाचा," ती म्हणाली, "रस्सा गरम आहे." ते बाजूला झाले. ती त्यांच्यावरून पुढे गेली आणि डबे भरायला लागली. जेवायची वेळ झाली होती, गिऱ्हाइकं थांबत नाहीत.

ते कधी निघाले ते आम्ही वळून पाहिलं नाही. दार लागल्याचा आवाज आला. मी थोड्या वेळाने डबे ठेवायला बाल्कनीत गेले तेव्हा ते खाली रस्त्याच्या कडेला उन्हात उभे दिसले. टॅक्सी थांबली. ड्रायव्हरने काच खाली करून काहीतरी विचारलं, बहुतेक कुठे जायचं ते. इब्राहिमभाईंनी खिशातून मोबाइल काढला, त्यावर बराच वेळ बोट फिरवत राहिले आणि मग पत्ता लिहिलेली स्क्रीन काचेतून आत धरली. ड्रायव्हरने वाचलं, मान हलवली. ते मागे बसले. त्यांचे ओठ मी वरून नीट बघत होते. ते हलले नाहीत.